आतलं दार

शिवा गवंड्याने जमिनीवर चुन्याची फक्की मारून घर आखलं तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. नागोठण्याच्या बाजूने अंबा नदीचं पाणी दरसाल अंगणापर्यंत येतं, म्हणून मायलेकांची जुंपलीच तर जोत्याच्या उंचीवरून जुंपेल, असं त्याला वाटत होतं. जोत्याचं काही निघालंच नाही. जुंपली ती एका दारावरून.

सगुणा अनवाणीच त्या पांढऱ्या रेघांमधून फिरली. ओटी झाली, माजघर झालं. देवाची जागा कुठे, ते तिने दोनदा विचारलं. मागच्या अंगाला एक खोली होती, लगत वेगळा संडास. खोलीचं दार बाहेर परसात उघडणार होतं. माजघराच्या बाजूला फक्त हातभर खिडकी.

"आतून यायला वाट नाय?" तिने विचारलं.

तिचा मुलगा प्रविण धाटावच्या एका कंपनीत आहे. पहिली शिफ्ट करून तसाच आला होता. त्याने समजावून सांगितलं. घरात कोणाला काही झालं तर त्याने इथे राहायचं, ताट खिडकीतून द्यायचं, म्हणजे बाकीच्यांना धोका नाही. करोनापासून ही खोली सगळ्यांनाच हवी असते, असं शिवाही मध्येच म्हणाला. रोह्यापर्यंत त्याने अशा सहा बांधल्या होत्या. पाया खणायच्या आधीच घरातल्या एकाला बाहेर काढायची सोय करून ठेवायची, याला हल्ली शहाणपण म्हणतात.

"कोण ऱ्हाणार हितं?"

"कोणपण, आये. जो आजारी पडंल तो."

"तू ऱ्हाशील?"

प्रविणने खिशातून फोन काढला आणि त्यात बघत राहिला.

सगुणाला ती जागा कोणी दाखवून द्यायची गरज नव्हती. तिथे पूर्वी गोठा होता. करोनाच्या दुसऱ्या वर्षी ताप घेऊन आला तो प्रविण. तो माजघरात पंख्याखाली झोपून चार दिवसांत बरा झाला. मग त्याच्या बापाला, गोविंदाला, ताप भरला. दवाखान्यात खाट मिळेना. घरात लहान पोरं आहेत, हे कारण सगळ्यांनी पुढे केलं आणि म्हशी बाहेर बांधून म्हाताऱ्याला गोठ्यात ठेवलं. ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि आंबे काढायच्या आकडीने आत ढकलायचं, ही युक्ती प्रविणची. एकदा गोविंदा उठून ओटीवर आला, तेव्हापासून गोठ्याला बाहेरून कडी लागली. आठव्या दिवशी ताट भरलेलंच राहिलं. सगुणा तेव्हा काही बोलली नव्हती. तो राग इतकी वर्षं तिच्या पोटात होता, आणि त्यातला निम्मा तिचा स्वतःवरच होता.

"तवा जागाच नव्हती म्हणून तसं झालं," प्रविण म्हणाला. "आता लादी असंल, पंखा असंल. बाबांना असं काय मिळालं असतं तर..."

तेवढ्यात त्याची बायको प्रतिक्षा सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. सगुणाने त्यातला एक कप उचलला आणि प्रविणला त्या खोलीत जाऊन उभं राहायला सांगितलं. आईला माप बघायचं असेल, असं समजून तो गेला. रेघांच्या मधोमध उभा राहिला.

सगुणाने कप रेघेबाहेर जमिनीवर ठेवला. शिवाची प्लास्टरची लांब पट्टी उचलली आणि तिच्या टोकाने कप आत ढकलायला लागली. ढेकळाला अडून कप हिंदकळला. निम्मा चहा फक्कीवर सांडला. ती ढकलतच राहिली, पार त्याच्या बुटापर्यंत.

"घे," ती म्हणाली. "पंखा लावू?"

प्रतिक्षाने तोंडावर पदर धरला. शिवा दुसरीकडे बघायला लागला. प्रविणने कप उचलला नाही. रेघ ओलांडून तो बाहेरही येईना. गुडघाभर उंचीचीसुद्धा भिंत नव्हती तिथे, तरी तो तसाच उभा राहिला, उन्हात, मान खाली घालून.

सगुणाने पट्टी खाली ठेवली.

"ये की भायेर," ती म्हणाली. "आज मी कडी घातली नाय."