पुढचं ऐकलंच नाही

कॅनडातल्या सस्कॅटूनच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही लॅरिसा कामावरून आली की आधी गाडीतच बसून फोन कानाला लावायची आणि मग डोळे पुसत घरात शिरायची. तिच्या नवऱ्याच्या, डॅरेलच्या मनात पाल चुकचुकली. ती आंघोळीला गेल्यावर त्याने तिच्या व्हॉइसमेलला लग्नाची तारीख टाकून पाहिली. पिन तोच निघाला. "राणी, मी बोलतोय गं..." एवढा पुरुषी आवाज कानावर पडला मात्र, त्याने रागाच्या भरात तो निरोप पुसूनच टाकला.

"कोण गं तो?" ती बाहेर येताच त्याने दरडावलं.

"माझे बाबा होते रे ते! तुझी नि त्यांची भेट व्हायच्या आधीच गेले. तेवढाच आवाज उरला होता त्यांचा."

निरोप परत मिळेल का म्हणून विचारलं, तर फोन कंपनीतल्या बाईने हात वर केले. "पिन बरोबर होता, मॅडम. आमच्या लेखी तो तुम्हीच पुसलात."

डॅरेलला मान वर करवेना. "पुढे... पुढे काय म्हणत होते गं ते?"

 

"'त्या डॅरेलला रविवारी पेरोगी खायला घेऊन ये. तुझ्या बोलण्यावरून तरी पोरगा विश्वासाचा वाटतो.'"