एक्कावन्न सेकंद

“आज नाई झालं तर?” वारलूनं विचारलं.

हाफिज गाडीखाली आडवा होऊन एक नट आवळत होता. नट आधीच आवळलेला होता, हे वारलूलाही माहीत होतं. वारलूचं सायकलचं दुकान हाफिजच्या गॅरेजला लागूनच. बोलायचं नसलं की हाफिजला गाडीखाली काही ना काही आवळायचं सापडतं, हे तो वर्षानुवर्षं बघत आला होता.

१९५७ चा मार्च होता. मूलहून सिंदेवाहीकडे जाणारा रस्ता सागाच्या जंगलात बाराव्या मैलाच्या दगडापासून तेराव्यापर्यंत नाकासमोर जातो. त्या एका मैलापायी हाफिजनं सगळी जवानी घालवली. सगळ्यात ढिला नट गाडीत नाही, हाफिजच्या डोक्यात आहे, असं चांद्याच्या बाजारात उघड बोललं जायचं.

गाडी १९२६ ची, एका जमीनदारानं गोठ्यात टाकून दिलेली. हाफिजला काम शिकवणाऱ्या उस्ताद बाबूभाईनं आतल्या कोंबड्या हुसकून ती मागून आणली. हूड, मागची सीट, मडगार्ड सगळं उतरवलं आणि मागे रॉकेलच्या डब्यांचा पत्रा ठोकून निमुळती शेपटी बसवली. ४७ च्या उन्हाळ्यात उस्तादनं तो मैल एक्कावन्न सेकंदांत काढला. शेजारी खटक्याचं घड्याळ घेऊन खुद्द जमीनदार बसला होता. हाफिज त्या दिवशी हिवतापानं चांद्यात कुडकुडत पडला होता, आणि ती धाव हुकल्याची खंत त्याला कायम राहिली.

बरा झाल्यावर त्यानं धीर करून उस्तादच्या मुलीला, खुर्शीदाला, मागणी घातली. उस्ताद हसला. माझे एक्कावन्न मोड, मग निकाहाचं बोलू, म्हणाला. त्याच पावसाळ्यात काविळीनं उस्ताद गेला.

पहिल्याच हिवाळ्यात हाफिजनं गाडी काढली. त्रेपन्न सेकंद लागले. खुर्शीदानं निरोप धाडला, अब्बांनी गंमत केली होती, तू ये. तो गेला नाही. उस्तादची जबान ती जबान. शिवाय दोन-तीन सेकंदांचा तर प्रश्न होता, आज ना उद्या सुटणारच.

त्या आज ना उद्याची नऊ वर्षं झाली. हाफिज गॅरेजमध्ये एकटा जेवायचा, गाडीशेजारी झोपायचा आणि इंजिनाशी बोलायचा. खुर्शीदाचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. त्या गल्लीतून जाणं नको म्हणून तो मशिदीलासुद्धा वळसा घालून जायचा.

आता तिच्या चाचानं सिरोंच्याचं स्थळ पाहिलं होतं. शुक्रवारी निकाह. हाफिजनं त्याआधी येऊन एक शब्द टाकला तर अजूनही त्यालाच देऊ, असं चाचानं वारलूकरवी कळवलं होतं. आज बुधवार होता.

“हाफिजभाऊ, ते सेकंद जाऊ दे चुलीत,” वारलू म्हणाला. “सीधा तिच्या घरी जा. तुले कोणी नाई म्हणत नाई.”

“म्हणूनच जात नाई. हरलेल्या माणसानं काय तोंड घेऊन मांगावं?”

त्या मैलापाशी पोचल्यावर वारलू घड्याळ मुठीत धरून शेजारी बसला. अर्धा मैल आधीपासून गाडी सुटली. पत्रे थडथडायला लागले, दातांत धूळ कचकचली. बारावा दगड आला तसा वारलूनं खटका दाबला. गाडी आज अशी पळत होती की हाफिजला मोठ्यानं हसावंसं वाटलं. कित्येक वर्षांत त्याला तसं वाटलं नव्हतं. तेरावा दगड मागे गेला. गाडी थांबली.

वारलूनं घड्याळ पुढे केलं. बावन्न.

“पन्नास म्हणून सांगू,” वारलू हळूच म्हणाला. “इथी पाह्यलं कोणं?”

“मी पाह्यलं ना,” हाफिज म्हणाला.

शुक्रवारी निकाह झाला. वऱ्हाडाची बस चालू होईना, तेव्हा हाफिजलाच बोलावणं आलं. त्यानं बॉनेट उघडलं, प्लग पुसले, बस चालू करून दिली. खिडक्यांकडे त्यानं पाहिलं नाही. बस वळणाआड गेली आणि त्याला भर रस्त्यात रडू आलं. लोक बघत होते. बघू दे, असं त्याला वाटलं.

मे महिन्यात त्या रस्त्यावर डांबर टाकायचं काम निघालं. तेराव्या दगडापाशी रोडरोलर बंद पडला, म्हणून हाफिजला तिथं नेलं. तो रोलरखाली शिरला होता, तेवढ्यात मुकादमाची कटकट त्याच्या कानावर आली. साखळीनं मैल मोजला होता आणि शेंदूर फासलेला तो तेरावा दगड शंभर पावलं पुढे निघत होता. तो उपटून जागेवर न्यायचा, तर जवळच्या टोल्यावरची, त्या लहानशा वस्तीतली सोनीबाई हात पसरून आडवी उभी राहिली. देव हलवायचा नाही, म्हणाली. मग इथं आणला कोणी, असं मुकादमानं विचारलं.

“आमीच आणला. तिकडं देवाले ऊन लागे. इथी मोहाची सावली हाये.”

“कधी, बाई?” हाफिजनं खालूनच विचारलं.

“लय वर्सं झाली, बाबू. तो बुढा शेपटीच्या गाडीनं भन्नाट गेला नाई का, त्याच सालच्या पावसाळ्यात.”

हाफिजच्या हातातला पाना तसाच राहिला. शंभर पावलं म्हणजे त्या गाडीला तीन सेकंद. बुधवारचे बावन्न नव्हते, एकोणपन्नास होते. आणि नऊ वर्षांपूर्वी, पहिल्याच धावेत, पन्नास.