शाळेचं नवं फाटक

सरपंच आबांनी स्वखर्चाने शाळेला नवं फाटक बसवलं, तेव्हा गावाने टाळ्या पिटल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या द्रौपदाबाईचे हात मात्र पदरातच राहिले. शाळेला साधा नळ न देणाऱ्याला हा कळवळा कुठून आला? तेही फाटक मागच्या बाजूला, आणि रस्त्यावरचं जुनं दार विटांनी बुजवलेलं. पाणी कुठंतरी मुरत होतं. दुसऱ्याच दिवशी परवान्याचे साहेब आले. शाळेसमोर आबांच्या पुतण्याचा बिअर बार व्हायचा होता. ठराव पंचायतीने केलाच होता, शाळेच्या दारापासूनचं अंतर तेवढं मोजायचं राहिलं होतं. टेप शाळेला वळसा घालून मागच्या फाटकाला टेकला. “बसतंय नियमात,” आबा हसले. द्रौपदाबाईने सरपणाची कुऱ्हाड उलटी धरून बुजवलेल्या दाराच्या ओल्या भिंतीवर घातली. विटा ढासळल्या, मधल्या सुटीतली पोरं तिथूनच बाहेर धावली. द्रौपदाबाईने त्या मोकळ्या झालेल्या दाराकडे बोट दाखवलं. “साहेब, शायानं दार आठे शे. टेप आठून धरा.”