तिसरा विषय

"बोल लवकर, विषय नोंदवायचा आज शेवटचा दिवस आहे," ढोकरे सर म्हणाले, तरी हर्षालीने तोंड उघडलं नाही. प्रकल्पाचा विषय प्रयोगशाळेतल्या यंत्राला सांगायचा, असा कॉलेजचा नियम होता. आणि सांगून होतोय न होतोय तोच यंत्र तो प्रकल्प स्वतःच पुरा करून मोकळं व्हायचं. मग तो विषय विद्यार्थ्याचा राहत नसे; तिचे दोन विषय असेच गेले होते.

हा तिसरा मात्र तिचा जीव होता. अर्धांगवायूनंतर बाबांचं बोलणं घरात फक्त तिलाच कळायचं. वर्षभर त्यांच्याजवळ बसायचं, एकेक अडखळता उच्चार समजून घ्यायचा आणि त्यातून त्यांच्यासाठी दुभाषा प्रोग्रॅम लिहायचा, असं तिने ठरवलं होतं.

"विषय नाही तर वर्ष वाया," सर हळूच म्हणाले. "माझ्या हातात काही नाही गं."

हर्षालीने सांगून टाकलं. वाक्य संपायच्या आत यंत्राचा हिरवा दिवा लागला.

"झालंसुद्धा," सर खाली बघत म्हणाले. "आता आजच चौथा शोध."

घरी येऊन तिने यंत्राने लिहिलेला तो प्रोग्रॅम आईच्या फोनवर टाकला. न टाकून बाबांना मुकं कसं ठेवणार?

बाबा पुटपुटले. फोन स्वच्छ आवाजात म्हणाला, "पाणी हवंय." आईने डोळे पुसत पाणी दिलं.

मग बाबा हर्षालीकडे वळून हसले आणि पुन्हा पुटपुटले.

"सुटलीस पोरी," फोन म्हणाला. "आता माझ्यापाशी बसायला नको."

फोन बोलायच्या आधीच तिला ते कळलं होतं.