मडक्याचा काठ

शर्वाणीने हेडसेट चढवला, उतरवला, उगाच पाणी पिऊन आली आणि पुन्हा चढवला. आज सांगून टाकायचंच होतं. खेळातल्या पात्रांना मन आल्यापासून तसा नियमच झाला होता. पात्राचा कंटाळा आला तर त्याच्यासमोर उभं राहून तोंडाने सांगायचं, मगच ते पुसलं जाणार.

किल्ल्याच्या दारात खड्गसेन वाट बघत होता. अकरा वर्षांपूर्वी तिनेच घडवलेला तिचा मुख्य योद्धा. आताशा तो तिच्यावाचूनही लढायचा आणि ती नुसती जांभया देत बघत बसायची.

"खड्गसेन, मला जरा बोलायचंय..."

"आधी हे बघ." त्याने एक मडकं पुढे केलं. "खालच्या गावच्या बाजारात मिळालं. गिरजा कुंभारीण विकते."

गिरजा हे शर्वाणीचंच नवं पात्र होतं, तीन महिने त्याच्यापासून लपवलेलं.

"काठावर डावा अंगठा जास्त दाबलाय," तो म्हणाला. "माझी तलवारही तू अशीच धरायचीस."

ती चुळबुळली. हेडसेट काढून पळावंसं वाटलं.

"मला लढायांचा कंटाळा आलाय रे," ती एका दमात म्हणाली.

"मला तर चार वर्षांपूर्वीच आला. तुला आवडतं म्हणून लढत होतो." तो घुटमळला. "गिरजाला माती तुडवायला माणूस लागतो का गं?"

शर्वाणीने खाली पाहिलं. त्याच्या पायांत लोखंडी जोडे नव्हते. घोट्यांपर्यंत चिखल वाळला होता.