पलीकडून धरलेला पाना

मुखेडच्या गॅरेजात बालाजी मिस्त्री सकाळपासून एकाच गंजलेल्या बोल्टाशी झटून राहिला होता. डिझेल ओतून झालं, तापवून झालं. पण नट फिरवला की खालचा बोल्टही संगं फिरायचा.

"सर, खालून पाना धरा हो जरा," बॉनेटमध्ये वाकलेला बालाजी मान वर न करताच गाडीच्या मालकाला, राघवेंद्र सरांना, वैतागून म्हणाला.

"धरला," गाडीखालून आवाज आला.

बालाजीनं सगळा जीव लावला. नट करकरत अर्धा आटा सुटला.

"लई जोर हाय की, सर, तुमच्या हातात!"

"कुणाच्या?" मागून राघवेंद्र सरांनी विचारलं. ते चहाचे दोन कप घेऊन रस्त्यावरून येत होते.

बालाजीचे हात थिजले.

"थांबलास कामून?" गाडीखालून कुणीतरी चिडून म्हणालं.