कोंबड्यांची लस

लाइट गेली आणि शेफालीच्या काळजाचं पाणी झालं.

विंझरला लाइट जाण्याचं कुणाला नवल नाही. पण आज वायरमन कुमार रस्त्यावरूनच ओरडत गेला, "डीपी जळाली! आता उद्यापतुर वाट बघा!" बाहेर वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, तिची इंजेक्शनं होती. "गरम झाली की गेली कामातून. आणि गोठताही कामा नयेत," पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं.

मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचाराची ही तिसरी खेप. पहिल्या दोन्ही वाया गेल्या होत्या. तिघींत एखादीलाच यश येतं, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तिच्या नवऱ्याला, गोरखला, त्यांनी पडद्यावर दाखवलंही होतं. त्याचे शुक्रजंतू मुळात थोडे, त्यातले बरेचसे जागच्या जागी लोळणारे. "पण आम्हाला एकच धडधाकट लागतो," बाई म्हणाल्या. "हजारांतून तेवढा निवडायचा आणि सुईनं थेट स्त्रीबीजात सोडायचा." पोत्यामागून पोतं टेम्पोत फेकणारा गोरख त्या पडद्यापुढं मान खाली घालून बसला होता. नवऱ्याची ती मान शेफालीला बघवली नाही. परतताना तिनंच ठरवलं, "गावात सांगायचं, कमी माझ्यात हाय. आन् दवाखान्याचं तर कुणाला कळूच द्यायचं न्हाई."

राहिली सासू. साळूबाईंच्या नजरेतून घरातली मुंगीसुद्धा सुटत नसे, मग डबा कुठला सुटायला! पण दारात दहा-बारा कोंबड्या होत्या. "कोंबड्यांची लस हाय आये, हात लावू नगंस," गोरखनं ठोकून दिलं. थाप पचली.

गावाचं मात्र वेगळंच झालं होतं. पूर्वी कुठंही गेलं तरी बाया विचारायच्या, "काय गं, हाय का काय?" दिवाळीपासून ते विचारणंच बंद पडलं. शेजारच्या राजनंदिनीच्या डोहाळेजेवणाला शेफाली भीत भीत गेली, तर एकीनं तोंड उघडलं नाही. ती आत आली तशा साऱ्याजणींनी एकदम लोणच्याचा विषय काढला. विचारलेलं टोचायचं खरं, पण हे न विचारणं फार लागलं. गावानं आपल्यावर पाणी सोडलं, असं ती समजून चुकली. त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडलीही.

आता बर्फ पाहिजे होता. तो मिळणार फाट्यावरच्या आनंदरावांच्या रसवंतीत. पण बर्फ मागायला जावं, तर सारा फाटा विचारणार, भर दुपारी एवढा बर्फ कशाला? तिनं गोरखला फोन लावला. तो मार्केट यार्डात अडकला होता. "निघालोच," म्हणाला, पण टेम्पोला काही पंख नव्हते. शेफालीनं डब्यावरून एकदा हात फिरवला. मग ओढणी कमरेला खोचली, बादली उचलली. विचारलं तर विचारलं! ह्या डब्यासाठी साऱ्या गावाची बोलणी खायची तिची तयारी होती.

दार उघडलं तर समोर साळूबाई. घामानं निथळत होत्या. मागं आनंदराव, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन. त्यांच्या मागं राजनंदिनी. तिनं मासळीवाल्याकडून थर्मोकोलचा खोका मागून आणला होता आणि वासानं नाक मुरडलं होतं.

"डबा आन," साळूबाई म्हणाल्या. "बर्फाला टेकवू नगंस, मधी फडकं घाल. गोठलं तरी वाया जातंय."

शेफालीच्या हातातली बादली खाली पडली.

"आत्याबाई, ती... कोंबड्यांची लस..."

"गप ए! दिवाळीत माझी तांबडी कोंबडी मान टाकाय लागली, तवा त्यातलं रिकामं खोकं घिऊन म्या जनावरांच्या डॉक्टराकडं गेल्ते. काखंत कोंबडी. म्हटलं, हीच लस टोचा हिला. त्यो हसून हसून खाली बसला!" साळूबाई स्वतःच हसायला लागल्या. "घरी आले आन् गोरखला धरला. भडाभडा बोलला समदं. तुला कळू द्यायचं न्हाई म्हून म्याच त्याला शपत घातली. हजारात एक निवडत्यात म्हणं. निवडू द्या की! भाताचं बी तरी कोण न निवडता पेरतंय?"

आनंदरावांनी घाईघाईनं छपराकडं बघितलं. "लादी कुठं ठिवू, सूनबाई? खांदा गारठला."

शेफालीला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. तिनं आतून डबा आणला. राजनंदिनीनं तो फडक्यात गुंडाळून खोक्यात अलगद बसवला, तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा.

"म्हंजी समद्यांना ठावं हाय?" शेफालीनं डोळे पुसत विचारलं. "आन् इतक्या दिवसांत एकीनंबी मला काय इचारलं न्हाई?"

"कशा इचारतील?" साळूबाई म्हणाल्या. "फराळाचं ताट घिऊन घरोघर गेले आन् सांगून आले, कमी माझ्या लेकात हाय, माझ्या सुनंला कुणी काय इचारायचं न्हाई."